भीती बेताची, कुलपं भरपूर

एस्केप रूमच्या पाटीवर ‘हॉरर’ हा शब्द दिसला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘तुम्ही जा, मी बाहेर थांबते.’ तिलाही आत न्यायचं असेल, तर बुकिंगआधी एकच विचारा: आत कुणी अंगावर येतं का? नवख्यांसाठीच्या सौम्य खोल्यांत सहसा कुणी येत नाही. मंद दिवा, करकरणारं दार, मध्येच वाजू लागणारा रेडिओ, चादरीखाली झाकलेलं काहीतरी, एवढ्यावरच भागवलेलं असतं.

हा खेळ जपानचा. २००७ मध्ये क्योतोत ताकाओ कातो यांच्या ‘स्क्रॅप’नं तो सुरू केला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बंद खोलीतून सुटायचे खेळ तेव्हा लोकप्रिय होते, तेच खऱ्या खोलीत आले. वेळ साधारण तासाभराचा. गेम मास्टर कॅमेऱ्यातून पाहत असतो, अडलात तर इशारा देतो. तो जरूर मागा, त्यात कमीपणा काही नाही. बाकी आकड्यांची कुलपं, जांभळ्या टॉर्चच्या उजेडात उमटणारी अक्षरं, योग्य जागी वस्तू ठेवताच उघडणारा कप्पा. ताकद कुठेच लागत नाही. स्विचबोर्ड उचकटू नका, त्यात कोडं नसतं.

नवखे अडतात ते कोड्यापेक्षा गर्दीमुळे. भीती वाटली की सगळे एका कोपऱ्यात गोळा होतात आणि निम्मी खोली कुणी बघतच नाही. म्हणून पांगा, आणि जे सापडेल ते मोठ्यानं सांगा. एकाच्या हातातला आकडा दुसऱ्यासमोरच्या कुलपाचा असतो. भित्र्या माणसाला काम द्या, टॉर्च त्याच्याकडे सोपवा. शोधात गुंतलेल्याला आवाज फारसे ऐकू येत नाहीत.

खरी काळजी घ्यायची ती दाराची. जानेवारी २०१९ मध्ये पोलंडच्या कोशालिन शहरात एका एस्केप रूमला आग लागली आणि आत अडकलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली गेल्या. वाढदिवस साजरा करायला आल्या होत्या त्या. बंद खोलीचा खेळ हा केवळ आभास असायला हवा. चांगल्या ठिकाणी बाहेरचं दार खेळ चालू असतानाही आतून उघडतं, किंवा दाराशेजारच्या बटणानं चुंबकी कुलूप सुटतं. वीज गेली तरी ते सुटलंच पाहिजे. पैसे भरण्याआधी ते दार स्वतः उघडून बघा. दाखवायला टाळाटाळ झाली, तर मुलांना घेऊन सरळ परत फिरा.