गोल्डन रिट्रीव्हरच्या खपल्या आणि एका जनुकाचा शोध

गोल्डन रिट्रीव्हरच्या पिल्लाच्या पोटावर पांढऱ्या खपल्या दिसल्या की मालक त्याला कोंडा समजतो आणि शांपू बदलत राहतो. खपल्या जात नाहीत. पुढे त्या काळपट होतात आणि कमीअधिक प्रमाणात जन्मभर टिकतात. हा इक्थिऑसिस. तो संसर्गजन्य नाही, आनुवंशिक आहे.

२००५ साली टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला आणि अशा विकारांचं मूळ शोधण्याची वाट मोकळी झाली. एका जातीतली कुत्री एकमेकांच्या जवळच्या नात्यातली असतात. त्यामुळे माणसांत ज्या शोधाला हजारो रुग्ण लागतात, तो इथे थोड्याच कुत्र्यांवर पार पडू शकतो. फ्रान्समध्ये रेन येथील कॅथरिन आंद्रे यांच्या गटाने नेमकं हेच केलं. बारावं गुणसूत्र, त्यावरचं पीएनपीएलए१ हे जनुक आणि त्यातला एक बारीक दोष: डीएनएची तीन अक्षरं जाऊन तिथे आठ आली होती. तेवढ्याने पुढचा सगळा मजकूर सरकतो आणि प्रथिन अर्धवटच तयार होतं.

२०१२ च्या त्या शोधनिबंधातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढची आहे. कुत्र्यात सापडलेलं हेच जनुक संशोधकांनी इक्थिऑसिस असलेल्या माणसांत तपासलं, तर दोन कुटुंबांत तेही बिघडलेलं निघालं. तोवर त्वचेतलं त्याचं काम कोणाला ठाऊक नव्हतं. ते २०१७ च्या सुमारास उलगडलं. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशींमध्ये, विटांमधल्या चुन्यासारखा, एक स्निग्ध लेप असतो. त्यातले खास सेरामाइड या जनुकाचं प्रथिन घडवतं. पुढे २०२२ मध्ये गोल्डनच्याच काही पिल्लांत इक्थिऑसिसचा दुसरा प्रकार सापडला. त्यातलं दोषी जनुक एबीएचडी५, म्हणजे याच कामात पीएनपीएलए१ ला साथ देणारं.

दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच विकार होतो. एकाकडूनच आला तर कुत्रं निरोगी राहतं, फक्त वाहक असतं. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर आता हे कळतं. पण वाहक दिसला की त्याला प्रजननातून बाद करायचं, हा उपाय मला चुकीचा वाटतो. जातीचा आधीच अरुंद असलेला जनुकसाठा त्याने आणखी अरुंद होतो आणि दुसरे दोष वर येतात. वाहकाची जोडी दोषमुक्त कुत्र्याशी लावली की पुरे, आजारी पिल्लू होत नाही.

गोल्डन घरी आणणार असाल, तर ब्रीडरकडे पिल्लाच्या आईबापांचे चाचणी अहवाल आवर्जून मागा.