मत्स्यपेटीसाठी पावसाचे पाणी

पावसाचे पाणी सर्वांत शुद्ध, म्हणून माशांसही तेच उत्तम, असा समज पुष्कळ घरी आढळतो. हौसेने आणलेले गप्पी मासे निव्वळ पावसाच्या पाण्यात सोडले जातात; ते एकेक करून मरू लागले म्हणजे मुले हिरमुसतात आणि दोष माशांवर येतो. वस्तुतः बहुधा ही अतिशुद्धताच त्यांस बाधलेली असते.

पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. गोड्या पाण्यातील माशाच्या अंगात कल्ल्यांवाटे पाणी सतत शिरत असते व अंगचे क्षार बाहेर जात असतात. ही तूट त्याला पाण्यातून व अन्नातून भरून काढावी लागते. क्षारहीन पाण्यात हे काम जड जाते. गप्पीस तर क्षारयुक्त पाणीच अधिक मानवते. शिवाय माशांच्या मलमूत्रामुळे पेटीतील पाणी हळूहळू आम्ल होते. विहिरीच्या पाण्यातील चुन्याचे क्षार ही आम्लता मारतात. पावसाच्या पाण्यास तो आधार नाही.

तरीही हे पाणी टाकाऊ नव्हे. पेटीतील पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. विहिरीच्याच पाण्याने ही घट भरल्यास ते साठत जाऊन काचेवर पांढरा थर धरतो. म्हणून आटलेले पाणी पावसाच्या पाण्याने भरावे. पाणी बदलताना मात्र, गप्पींसाठी तीन भाग विहिरीचे व एक भाग पावसाचे, असे मिश्रण घ्यावे. एका वेळी पेटीच्या चौथाईहून अधिक पाणी बदलू नये. दोन बाटल्यांत दोन्ही पाणी सारखे घेऊन साबण हलवून दाखविल्यास दुष्फेन व सुफेन हा भेद मुलांस तत्काळ उमजतो.

पहिल्या सरींबरोबर धूळ व पक्ष्यांची विष्ठा वाहून येते. ते पाणी सोडून द्यावे. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावरचे पाणी घेऊ नये. तांब्याच्या हंड्याची आपल्याकडे मोठी प्रतिष्ठा. परंतु तांब्याचा अल्प अंशही माशांस घातक ठरतो. सर्वांत चांगली रीत जुनीच आहे. अंगणात चार काठ्यांस स्वच्छ धोतर बांधावे, मध्ये धुतलेला गोटा ठेवावा आणि खाली मातीचा माठ मांडावा.

साठविलेले पाणी पेटीच्याच खोलीत, तोंडास फडके बांधून ठेवावे. एवढे करूनही डासांच्या अळ्या झाल्याच, तर त्या गाळून पेटीत टाकाव्या. गप्पी त्या मोठ्या आवडीने खातात.