झान मोरो

झान मोरो (२३ जानेवारी, १९२८: पॅरिस, फ्रान्स – ३१ जुलै, २०१७: पॅरिस, फ्रान्स) या फ्रेंच रंगभूमी व चित्रपट अभिनेत्री, गायिका आणि दिग्दर्शिका होत्या. सहा दशकांहून अधिक काळाच्या कारकिर्दीत त्यांनी लुई माल, फ्रांस्वा त्रुफो, मिकेलांजेलो आंतोनिओनी, लुईस बुन्युएल, ऑर्सन वेल्स, जोसेफ लोझी आणि रायनर वेर्नर फासबिंडर अशा अनेक दिग्दर्शकांबरोबर काम केले. १९६० साली कान चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. फ्रान्सच्या ललित कला अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला होत.

चित्रपटांमुळे मोरो यांना जगभर कीर्ती मिळाली असली तरी त्यांची जडणघडण रंगभूमीवर झाली. चित्रपटसृष्टीने त्यांना ओळखले तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या आणि रंगभूमीवरील आघाडीच्या अभिनेत्रींमध्ये त्यांची गणना होत होती. प्रसाधनाच्या आवरणाखाली झाकलेला निर्दोष चेहरा हेच नायिकेचे लक्षण मानले जात असताना त्यांनी थकलेली, विचारमग्न आणि स्वतःच्या इच्छेने वागणारी स्त्री पडद्यावर आणली. तिच्या चित्रणावरून उद्भवलेला एक वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

प्रारंभिक जीवन

मोरो यांचा जन्म पॅरिसमध्ये झाला. त्यांचे वडील फ्रेंच असून उपाहारगृहाच्या व्यवसायात होते. आई इंग्लंडमधील लँकेशायरची होती आणि पॅरिसच्या प्रसिद्ध 'फोली बेर्झेर' या नृत्यगृहात नर्तकी म्हणून काम करत असे. घरात दोन भाषा असल्याने मोरो यांना लहानपणापासून फ्रेंचबरोबर इंग्रजीही येत होती. पुढे ब्रिटिश व अमेरिकी दिग्दर्शकांबरोबर काम करताना त्यांना याचा उपयोग झाला. त्यांच्या बालपणाचा काही भाग व्हिशी येथे गेला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने फ्रान्स व्यापल्यावर ब्रिटिश नागरिक असलेल्या आईवर शत्रुराष्ट्राची व्यक्ती म्हणून निर्बंध आले. युद्धानंतर आईवडील विभक्त झाले व आई इंग्लंडला परत गेली.

१९४४ साली पॅरिसमध्ये झाँ आनुई यांचे 'आंतिगोन' हे नाटक रंगभूमीवर आले. शाळकरी वयात हा प्रयोग पाहिल्यावर मोरो यांनी अभिनेत्री होण्याचे ठरवले. वडिलांचा या निर्णयाला तीव्र विरोध होता. तरीही त्यांनी पॅरिसच्या राष्ट्रीय नाट्यशिक्षण संस्थेत, म्हणजे कॉन्झर्व्हातवारमध्ये, प्रवेश मिळवला.

रंगभूमी

१९४७ साली झाँ विलार यांनी आव्हिन्याँ येथे नाट्यमहोत्सवाची सुरुवात केली. त्या पहिल्याच वर्षी मोरो तेथे रंगमंचावर होत्या. त्याच सुमारास सतराव्या शतकात स्थापन झालेल्या 'कोमेदी-फ्रांसेझ' या राष्ट्रीय नाट्यसंस्थेत त्यांचा प्रवेश झाला. तुर्गेन्येव यांच्या 'खेड्यातील एक महिना' या नाटकातील भूमिकेमुळे समीक्षकांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. अभिजात नाटकांतील पद्य संवादांची शिस्त त्या येथे शिकल्या.

या संस्थेत राहिल्यास स्थिर कारकीर्द मिळण्याची शक्यता होती, परंतु काही वर्षांतच मोरो तेथून बाहेर पडल्या आणि विलार यांच्या 'तेआत्र नास्योनाल पोप्युलेर' (राष्ट्रीय लोकनाट्यगृह) या संस्थेत गेल्या. स्वस्त तिकिटे, साधे नेपथ्य आणि कामगार व विद्यार्थी वर्गापर्यंत अभिजात नाटक नेणे हे विलार यांचे धोरण होते. १९५१ साली आव्हिन्याँ येथे झालेल्या क्लाइस्ट यांच्या 'होम्बुर्गचा राजपुत्र' या नाटकात मोरो यांनी झेरार फिलिप यांच्यासमवेत काम केले. कोर्नेय यांच्या 'ल सिद'मधील राजकन्येची भूमिकाही त्यांनी केली.

यानंतर त्या पॅरिसच्या व्यावसायिक रंगभूमीकडे वळल्या. १९५५ साली झाँ मारे यांनी दिग्दर्शित केलेल्या, बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'मध्ये त्या नायिका होत्या. १९५६ साली टेनेसी विल्यम्स यांच्या 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ' या नाटकाच्या फ्रेंच प्रयोगात त्यांनी मॅगीची भूमिका केली. या प्रयोगाचे दिग्दर्शन पीटर ब्रूक यांनी केले होते. तरुण दिग्दर्शक लुई माल यांनी मोरो यांना याच नाटकात पाहिले.

चित्रपटातील सुरुवात

मोरो यांचा पहिला चित्रपट १९४९ साली आला. पुढील काही वर्षांत त्यांनी बरेच चित्रपट केले. झाक बेकर यांच्या 'तुशे पा ओ ग्रिस्बी' (१९५४) या गुन्हेगारीपटात त्या झाँ गाबँ यांच्याबरोबर दिसल्या. मात्र या काळात त्यांच्या वाट्याला बहुधा दुय्यम भूमिका आल्या. त्यांचा चेहरा कॅमेऱ्याला साजेसा नाही असे निर्माते व छायाचित्रकार मानत. डोळ्यांखालील वर्तुळे आणि ओठांची खाली झुकलेली ठेवण झाकण्यासाठी जाड प्रसाधन व प्रखर प्रकाशयोजना वापरली जाई. त्यामुळे रंगभूमीवर प्रेक्षकांना जाणवणारे त्यांच्या मुद्रेतील बदल पडद्यावर दिसेनासे होत.

'आसांसर पूर लेशाफो' (१९५८) या लुई माल यांच्या पहिल्या कथापटाने ही परिस्थिती बदलली. मोरो यांची फ्लोराँस ही नायिका प्रियकराशी संगनमत करून पतीची हत्या घडवून आणते. हत्येनंतर प्रियकर इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकतो आणि त्याने आपल्याला सोडून दिले असे समजून ती रात्रभर पॅरिसमध्ये त्याचा शोध घेत फिरते. छायाचित्रकार आंरी देका यांनी जलद फिल्म वापरून ही दृश्ये शाँझेलिझे मार्गावर दुकानांच्या काचांमधून येणाऱ्या उजेडात चित्रित केली. नेहमीचे जाड प्रसाधन त्यांत टाळले होते. मोरो यांचा चेहरा अशा रीतीने बिघडवला जात असल्याची तक्रार फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांनी केली होती, अशी आठवण माल यांनी पुढे सांगितली. अमेरिकी जॅझ वादक माइल्स डेव्हिस यांनी पडद्यावरील दृश्ये पाहत उत्स्फूर्तपणे वाजवलेले संगीतही गाजले. मोरो यांचे अत्यल्प संवाद, चालणे आणि नजर यांवर उभी असलेली ही दृश्ये चित्रपटाची ओळख ठरली.

'लेझ आमां' आणि न्यायालयीन खटला

माल यांच्याच 'लेझ आमां' (प्रेमी, १९५८) या चित्रपटात मोरो यांनी दिझाँ शहरातील एका वृत्तपत्रमालकाच्या पत्नीची भूमिका केली. संपन्न परंतु निरस संसाराला कंटाळलेली ही स्त्री एका अनोळखी तरुणाबरोबर एक रात्र घालवते आणि सकाळी पती व मुलीला सोडून त्याच्यासोबत निघून जाते. व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. प्रणयदृश्यांमुळे त्यावर टीका झाली. शिवाय घर सोडणाऱ्या नायिकेला कथेत कोणतीही शिक्षा मिळत नाही, ही गोष्टही त्या काळातील संकेतांना धक्का देणारी होती.

अमेरिकेतील ओहायो राज्यात हा चित्रपट दाखवल्याबद्दल क्लीव्हलँड हाइट्स येथील चित्रपटगृहाचे व्यवस्थापक निको जेकोबेलिस यांना अश्लीलतेच्या आरोपाखाली दोषी ठरवून २,५०० डॉलरचा दंड करण्यात आला. २२ जून १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही शिक्षा रद्द केली. मात्र अश्लीलतेची व्याख्या काय असावी यावर बहुमतातील न्यायाधीशांचेही एकमत झाले नाही. न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी आपल्याला व्याख्या करता येणार नसली तरी अशी गोष्ट पाहिल्यावर ओळखता येते व हा चित्रपट तसा नाही, असे मत नोंदवले. त्यांचे हे विधान अभिव्यक्तिस्वातंत्र्याविषयीच्या चर्चेत आजही उद्धृत केले जाते.

मोरो यांच्या आणखी एका चित्रपटावरून असाच खटला झाला. माल दिग्दर्शित 'विवा मारिया!' (१९६५) हा चित्रपट अल्पवयीनांसाठी अयोग्य असल्याचा निर्णय डॅलस शहराच्या मंडळाने दिला होता. या निर्णयामागील निकष संदिग्ध असल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली शहराचा नियम अवैध ठरवला. त्याच वर्षी अमेरिकी चित्रपट उद्योगाने स्वतःची वर्गीकरण पद्धत सुरू केली.

आंतरराष्ट्रीय कीर्ती

मार्गेरित द्युरास यांच्या कादंबरीवर आधारित आणि पीटर ब्रूक दिग्दर्शित 'मोदेरातो कांताबिले' या चित्रपटासाठी मोरो यांना १९६० साली कान येथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार ग्रीक अभिनेत्री मेलिना मेर्कुरी यांच्यासह विभागून देण्यात आला होता. पुढच्या वर्षी आंतोनिओनी यांच्या 'ला नोत्ते' (रात्र) या इटालियन चित्रपटात त्यांनी मार्चेल्लो मास्त्रोयान्नी यांच्यासमवेत विझत चाललेल्या वैवाहिक नात्याचे चित्रण केले. या चित्रपटाने बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल पुरस्कार मिळवला.

त्रुफो यांच्या 'झ्यूल ए जिम' (१९६२) मधील कातरीन ही त्यांची सर्वाधिक प्रसिद्ध भूमिका होय. दोन जिवलग मित्र एकाच स्त्रीवर प्रेम करतात, अशी या चित्रपटाची कथा आहे. कातरीन कधी उत्फुल्ल तर कधी क्रूर असते आणि दोघांपैकी कोणाच्याही कल्पनेत ती पुरती बसत नाही. सेर्झ रेझ्वानी यांनी रचलेले 'ल तुर्बियाँ' (भोवरा) हे गीत मोरो यांनी या चित्रपटात गायले. ते अतिशय लोकप्रिय झाले आणि त्यानंतर गायिका म्हणूनही त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या.

भूमिकेची लांबी किंवा मानधन यांपेक्षा दिग्दर्शक कोण आहे याला मोरो महत्त्व देत. लोझी यांच्या 'एव्हा'मध्ये (१९६२) त्यांनी पुरुषांना उद्ध्वस्त करणारी स्त्री रंगवली, तर झाक देमी यांच्या 'ला बे देझ आंझ'मध्ये (१९६३) जुगाराच्या आहारी गेलेली आई. बुन्युएल यांच्या 'एका मोलकरणीची दैनंदिनी'साठी (१९६४) त्यांना कार्लोव्ही व्हारी महोत्सवाचा अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ब्रिजित बार्दो यांच्यासमवेत केलेल्या 'विवा मारिया!'ने त्यांना ब्रिटिश चित्रपट अकादमीचा सर्वोत्कृष्ट परदेशी अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवून दिला. वेल्स यांच्याबरोबर 'द ट्रायल', 'चाइम्स ॲट मिडनाइट' आणि 'द इमॉर्टल स्टोरी' या चित्रपटांत त्यांनी काम केले.

सामाजिक भूमिका

५ एप्रिल १९७१ रोजी 'ल नुव्हेल ऑब्झर्व्हातर' या साप्ताहिकात ३४३ स्त्रियांचे एक निवेदन प्रसिद्ध झाले. आपण गर्भपात केला असल्याचे जाहीर करून त्यांनी गर्भपाताला कायदेशीर मान्यता देण्याची मागणी केली होती. निवेदनाचा मजकूर सिमोन द बोव्हार यांनी लिहिला होता. तेव्हा फ्रान्समध्ये गर्भपात हा गुन्हा असल्याने सही करणारीवर खटला होऊ शकत होता. मोरो यांनी कातरीन दनव्ह आणि देल्फीन सेरिग या अभिनेत्रींप्रमाणे या निवेदनावर सही केली. १९७५ साली फ्रान्समध्ये गर्भपाताला मान्यता देणारा कायदा झाला.

दिग्दर्शन

१९७६ साली, वयाच्या ४८व्या वर्षी, मोरो यांनी 'ल्युमियेर' (प्रकाश) हा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. त्याची पटकथाही त्यांनीच लिहिली होती. चार अभिनेत्रींची मैत्री आणि त्यांचे व्यावसायिक जीवन हा त्याचा विषय होता. 'लादोलेसाँत' (किशोरी, १९७९) या दुसऱ्या चित्रपटात १९३९च्या उन्हाळ्यात, युद्ध तोंडावर आले असताना, वयात येणाऱ्या एका मुलीची कथा आहे. तिच्या आजीची भूमिका सिमोन सिन्योरे यांनी केली. याशिवाय मूकपटांच्या काळातील अभिनेत्री लिलियन गिश यांच्यावर मोरो यांनी एक माहितीपट केला.

उत्तरकाळ

रंगभूमीशी मोरो यांचे नाते तुटले नाही. १९७४ साली त्यांनी क्लोद रेझी यांच्या दिग्दर्शनाखाली पेटर हांडके यांचे नाटक केले. १९८६ साली क्लाउस मिखाएल ग्र्यूबर यांनी दिग्दर्शित केलेला 'मोलकरीण झेर्लिनची कहाणी' हा प्रयोग त्यांच्या उत्तरकाळातील सर्वांत मोठे यश ठरला. हेर्मान ब्रोख यांच्या लेखनावर आधारलेल्या या प्रयोगात एक वृद्ध मोलकरीण आपल्या आयुष्याची हकिगत सांगते आणि जवळजवळ संपूर्ण नाटक तिच्या कथनावरच चालते. या भूमिकेसाठी मोरो यांना १९८८ साली फ्रेंच रंगभूमीचा प्रतिष्ठेचा मोलियेर पुरस्कार मिळाला. १९८९ साली आव्हिन्याँ येथे आंत्वान व्हितेझ यांच्या 'ला सेलेस्तीन'मध्ये त्या प्रमुख भूमिकेत होत्या. पहिल्या महोत्सवानंतर साठ वर्षांनी, २००७ साली, त्यांनी तेथेच हायनर म्युलर यांच्या 'क्वार्टेट'चे अभिवाचन केले.

चित्रपटातही वाढत्या वयाच्या स्त्रियांच्या भूमिका त्यांनी मोकळेपणाने स्वीकारल्या. 'ला व्हिएय की मार्शे दाँ ला मेर' (समुद्रात चालणारी म्हातारी, १९९१) मधील वयोवृद्ध ठग स्त्रीच्या भूमिकेसाठी त्यांना सेझार पुरस्कार मिळाला. 'सेत आमूर-ला' (२००१) मध्ये त्यांनी लेखिका मार्गेरित द्युरास यांचीच भूमिका केली. २००५ साली नवोदित दिग्दर्शकांच्या मार्गदर्शनासाठी फ्रान्समधील आंझे येथे सुरू झालेल्या कार्यशाळांमागे त्यांचा पुढाकार होता.

वैयक्तिक जीवन व निधन

१९४९ साली मोरो यांचा अभिनेते व दिग्दर्शक झाँ-लुई रिशार यांच्याशी विवाह झाला. त्यांना एक मुलगा झाला. विभक्त झाल्यानंतरही दोघांनी एकत्र काम केले. अमेरिकी दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांच्याशी झालेला त्यांचा दुसरा विवाह १९७७ ते १९७९ इतकाच टिकला. ३१ जुलै २०१७ रोजी, वयाच्या ८९व्या वर्षी, पॅरिसमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. मोंमार्त्र दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

पुरस्कार व सन्मान

• १९६० – सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, कान चित्रपट महोत्सव
• १९७५ व १९९५ – अध्यक्षा, कान महोत्सवाचे परीक्षक मंडळ
• १९८८ – मोलियेर पुरस्कार
• १९९२ – सेझार पुरस्कार. व्हेनिस महोत्सवाचा कारकीर्द गौरव सुवर्ण सिंह
• २००० – बर्लिन महोत्सवाचे मानद सुवर्ण अस्वल. ललित कला अकादमीवर निवड