वेसण, लगाम आणि कावा : जनावर वळविण्याची मराठी परिभाषा

कोवळ्या जनावरास शिकवून कामास लावण्याच्या विद्येची मराठी परिभाषा दोन भिन्न कुळांतील आहे. घोड्यासंबंधीची लगाम, रिकीब, जीन, खोगीर, नाल, चाबूक ही शब्दसंपत्ती फारसी-अरबी होय. ती मध्ययुगीन घोडदळाबरोबर आली. 'घोडा' (घोटक) आणि 'पलाण' (पर्याण) हे मात्र त्याआधीच्या थराचे अवशेष. उलट बैलाची परिभाषा प्रायः देशी राहिली : जू (युग), दावे (दामन्), जोते (योक्त्र), शिवाय वेसण, कासरा, मोरखी. पहिली पागेत वाढली, दुसरी गोठ्यात.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. त्यामुळे येथे शिक्षणाचा खरा विद्यार्थी शिंगरू नसून गोऱ्हा होय. त्याच्या नाकात वेसण घालतात आणि सरावलेल्या बैलाच्या जोडीस त्याला जुंपतात. माणसाच्या हाकेपेक्षा शेजारचा वडील बैलच त्याला अधिक शिकवितो. वखरापेक्षा डवऱ्याची परीक्षा कठीण. पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून, रोप न तुडविता, सरळ चालण्यास बळापेक्षा संयम लागतो. शंकरपट हे याच शिक्षणाचे दुसरे, वादग्रस्त क्षेत्र. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली. पुढे महाराष्ट्राने केलेली कायद्याची दुरुस्ती १८ मे २०२३ रोजी न्यायालयाने वैध ठरविली. शिक्षण कोठे संपते आणि छळ कोठे सुरू होतो, हाच त्या वादाचा गाभा होता.

घोड्याच्या बाबतीत अडचण निराळी. घोडा हा मूळचा पळून जीव वाचविणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते, आणि मागची किंचित हालचालही त्याला बुजविते. त्याच्या कण्याची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते. म्हणून घाईने लादलेले ओझे आयुष्यभर बाधते. स्वार होण्यापूर्वी चाबूकस्वार त्याला लांब दोरावर वर्तुळात फिरवितो. या फिरविण्यास 'कावा' म्हणतात. सरळ न जाता वळसे घेण्याच्या या कल्पनेतूनच 'कावा' म्हणजे डावपेच हा अर्थ रूढ झाला. 'गनिमी कावा' उच्चारणाऱ्यास आज त्यामागचे शिंगरू दिसत नाही.

दोन्ही शिक्षणांचे मर्म मात्र एकच. जनावर लगाम ओढल्याने शिकत नाही. त्याने योग्य पाऊल टाकताच लगाम सैल होतो, त्या क्षणी ते शिकते. कासऱ्याचेही तसेच. ढिलाईस क्षणाचा उशीर झाला, तर चुकीचीच सवय लागते. आणि एका भयाने महिन्यांची मेहनत वाया जाते. फळही तसेच मोठे : नीट शिकलेल्या जोडीस पराणी लावावी लागत नाही, नुसती हाक पुरते.

विशेष हे की, प्रमाण मराठीने या विद्येतून मुख्यतः दमनाची बाजू उचलली. 'वेसण घालणे', 'लगाम घालणे' हे वाक्प्रचार सर्वतोमुखी आहेत. सैल सोडण्याचा वाक्प्रचार 'लगाम सुटणे' असा केवळ अनर्थाचा उरला. ट्रॅक्टर गोठे रिकामे करीत असताना वाक्प्रचार टिकतील, पण त्यांना तोलून धरणारे कौशल्याचे शब्द हाकणाऱ्याबरोबर जातील. म्हणून वऱ्हाडी बोलीच्या अभ्यासकाने केवळ वस्तूंची नावे टिपून थांबू नये. हाका, इशारे आणि क्रियापदे ही प्रत्यक्ष तासात, जोडीमागे चालतच नोंदविली पाहिजेत.