मचाणावरचे आसन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बुद्ध पौर्णिमा जवळ आली की नागपुरातल्या निसर्गप्रेमींची मचाणासाठी धांदल सुरू होते. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा, ताडोबा अशा जंगलांत वनविभागाचा ‘निसर्गानुभव’ असतो. दुपारी पाणवठ्याजवळच्या मचाणावर चढायचे, ते सकाळीच उतरायचे. एकेकाळी अशा मचाणांवर शिकारी बंदूक घेऊन बसत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदूक गेली, रात्रभराची बैठक मात्र राहिली. या बैठकीसाठी लोक दुर्बीण पारखून घेतात, पण बुडाखाली काय घ्यायचे याचा विचार करत नाहीत. मग मध्यरात्री सारे लक्ष पाणवठ्यावरून उडून कमरेकडे लागते.

गैरसमज: आसन जितके जाड आणि मऊ, तितके चांगले.
वस्तुस्थिती: बसल्यावर शरीराचा बराचसा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. मऊ स्पंज तिथेच दबतो आणि तासाभरात हाडे फळीला टेकतात. स्पंज घाम आणि दवही शोषतो. त्यापेक्षा योगासनांच्या चटईसारखा, पण अधिक घट्ट फोम घ्यावा. दीड-दोन सेंटीमीटर जाडी बहुतेकांना पुरते. दुकानातच तो फरशीवर ठेवून त्यावर एका गुडघ्यावर भार द्यावा. गुडघ्याला फरशी लागली, तर तो फोम रात्र काढणार नाही.

गैरसमज: हवेची उशी सर्वांत हलकी, म्हणून सर्वांत उत्तम.
वस्तुस्थिती: हलकी असते, घडी खिशात मावते, हे खरे. पण मचाणावर बाभळीचा काटा, तारेचे टोक, उचकटलेला खिळा यांपैकी काहीतरी असतेच. शिवाय गच्च फुगवलेली उशी डोलते आणि प्रत्येक हालचालीला कुरकुरते. न्यायचीच असेल तर अर्धवट फुगवावी आणि खाली दुपट्टा अंथरावा.

गैरसमज: आसन थंडीसाठी असते, वैशाखात त्याची गरज काय?
वस्तुस्थिती: लोखंडी मचाण दिवसभर ऊन खाते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा त्या पत्र्यावर हात टेकवत नाही. फोमच्या बंद कप्प्यांत अडकलेली हवा उष्णता सहज जाऊ देत नाही, म्हणून तो उन्हाळ्यात खालची धग अडवतो आणि हिवाळ्यात खालचा गारठा. असा फोम पाणी शोषत नाही, त्यामुळे घाम मात्र वरच साचतो. त्यावर सुती कापडाची एक घडी टाकली की काम झाले.

गैरसमज: रंगाने काय फरक पडतो?
वस्तुस्थिती: हरणांना लाल-नारिंगी रंग आपल्यासारखा वेगळा दिसत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. दुकानात निळा फोम सर्रास मिळतो आणि नेमका तोच टाळायला हवा. चांदीसारखा चकाकणारा अस्तराचा कागदही नको, कारण पौर्णिमेच्या उजेडात तो लकाकतो. मातकट, करडा किंवा गर्द हिरवा बरा.

रंगाहून महत्त्वाचा आवाज. एका रात्री पाणवठ्यावर अस्वल आले होते. पाण्याशी वाकले, तेवढ्यात माझ्या रेक्झिनच्या आसनाने ‘चर्र’ केले. अस्वलाने मान वर केली, क्षणभर हुंगले आणि पाण्याला तोंड न लावता झुडपात शिरले. ज्या उन्हाळ्यात बाकीची डबकी आटलेली असतात, त्या उन्हाळ्यात एक तहानलेले जनावर माझ्यामुळे परतले. तेव्हापासून रेक्झिन, थर्माकोल आणि फाडल्यासारखा आवाज करणारी चिकटपट्टी मी जंगलात नेत नाही. थर्माकोलचे कण तर आपण परतल्यावरही रानात राहतात.

गैरसमज: चांगले आसन असले की रात्रभर न हलता बसता येते.
वस्तुस्थिती: कोणतेही आसन शरीराचा भार नाहीसा करत नाही, फक्त पसरवते. एकाच जागी दाब राहिला की नस दबते आणि पायाला मुंग्या येतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी भार हळूच एका बाजूवरून दुसरीकडे न्यावा, घोटे फिरवावेत, पाय लांब करावेत. आसन आवाज करत नसेल, तर हे सारे समोरच्या चितळाला कळतही नाही.

गैरसमज: महागडे घेतल्याशिवाय भागत नाही.
वस्तुस्थिती: घरातली जुनी गोधडी चार पदरी घडी करून पाहा. वजनाला थोडी जड, पण मुकी, आणि घाम टिपणारी. ती असो वा नवा फोम, जाण्याआधी घराच्या गच्चीवर दोन तास बसून बघावे.

वाघांची अधिकृत मोजणी आता कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांवर चालते. त्यामुळे पौर्णिमेच्या रात्री आपल्याकडून त्या मोजणीच्या आकड्यांची अपेक्षा नसते. अपेक्षा एवढीच, की पाण्यावर आलेल्या जिवाला आपण तिथे आहोत हे कळू नये आणि त्याने पोटभर पाणी पिऊन जावे. आसन निवडताना आधी त्याचा विचार करावा, मग आपल्या कमरेचा.