अंदमान गाठायचं, तर आधी परवाना आणि बोट

लोणावळेकराला पावसाळ्यात सुटी नसते. भुशी डॅमच्या पायऱ्यांवर माणूस मावत नाही, चिक्कीच्या दुकानांत गिऱ्हाईक आटत नाही, आणि तिकडे मावळात भाताची लावणी चालू असते. घरच्यांना घेऊन कुठे जायचं ते इंद्रायणीची कापणी-झोडणी उरकल्यावरच. त्यामुळे अंदमानचा बेतही हमखास ‘दिवाळी झाली की’ असा ठरतो. माझं मत विचाराल तर तो जानेवारीवर ढकला. आपला पाऊस दसऱ्यापर्यंत पाय काढतो, बंगालच्या उपसागरातला मात्र काढत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे आपल्याआधी, मेच्या मध्यालाच तिथे पोचतात, आणि परतीचा पाऊस नोव्हेंबरात, कधी डिसेंबरातही बरसतो. चक्रीवादळांचे दिवसही तेच. जानेवारी ते एप्रिल समुद्र त्यातल्या त्यात शहाण्यासारखा वागतो.

मुख्य आकर्षण म्हणजे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान. १९८३ साली घोषित झालेलं हे उद्यान पंधरा बेटांचं आहे; विस्तार सुमारे २८१ चौरस किलोमीटर, आणि त्यातला मोठा भाग पाणीच. पंधरातली पर्यटकांसाठी दोनच, जॉली बॉय आणि रेड स्किन, आणि तीही आलटून पालटून उघडतात. प्रवाळाला उसंत मिळावी म्हणून. कोरड्या मोसमात साधारणपणे जॉली बॉयची पाळी असते. बोट वंडूरच्या धक्क्यावरून सुटते. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे २०२४पासूनच्या श्री विजयपुरमपासून, हे गाव तीसेक किलोमीटर. वन विभागाचा परवाना आधी काढावा लागतो, रोजची माणसं मोजकीच सोडतात, आणि सोमवारी उद्यान बंद. म्हणून हॉटेल नव्हे, आधी परवान्याचा दिवस पक्का करा. बाकीची सहल त्याभोवती बसवा. आपल्याकडे शनिवारी सकाळी मनात आलं की गाडी काढून घाट चढणारे लोक येतात, आणि आपण त्यांना नावं ठेवतो. तिथे आपण तसे गेलो तर धक्क्यावरूनच परत फिरू.

धक्क्यावर प्लॅस्टिकची झडती होते. पाण्याच्या बाटलीसाठी अनामत ठेवावी लागते, आणि मगनलालचं पाकीट तर विसराच. चिक्की न्यायचीच असेल तर स्टीलच्या डब्यात. प्रवाळाबद्दलही फार अपेक्षा नको. २०१०च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं. जाहिरातींतले रंग सगळीकडे भेटत नाहीत. मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

घड्याळाचाही घोळ आहे. वेळ भारतीयच, पण अंदमान पुण्याच्या पूर्वेला जवळपास एकोणीस रेखांश. म्हणजे सूर्य सव्वा तास आधी. डिसेंबरात तिथे सव्वापाचलाच अंधारून येतं. दहाला नाश्ता करून निघणाऱ्यांचा अर्धा दिवस हॉटेलातच संपतो.

मावळातल्या ट्रेकरांना मात्र मी उत्तर अंदमानातल्या सॅडल पीककडे पाठवीन. अंदमानातलं हे सर्वांत उंच शिखर, राष्ट्रीय उद्यानातलंच. उंची ७३२ मीटर. लोहगड १०३३ मीटरचा, त्यामुळे हा आकडा ऐकून आपला गडी हसतो. पण लोणावळा मुळातच सहाशे मीटरवर आहे, आणि लोहगडवाडीतून चढायचं उरतं ते किती! सॅडल पीकची वाट लामिया बेच्या किनाऱ्यावर, अक्षरशः भरतीच्या रेषेपाशी सुरू होते. सगळे ७३२ मीटर पायांनीच कमवायचे, आठ किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. उघडे कडे नाहीत, वारा नाही. गच्च सदाहरित रान आणि अंगाला चिकटणारा दमटपणा. पाणी दुप्पट घ्या आणि उजाडताच निघा.

तिथे पोचायला डिगलीपूर गाठावं लागतं. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. गाड्या ठरल्या वेळी पोलिसांच्या ताफ्यातूनच सुटतात. थांबणं, फोटो काढणं, खाऊ देणं, सगळ्याला बंदी. पहाटे निघालात तरी अख्खा दिवस जातो. जवळच्या कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्री कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा तिथे एक मुक्काम वाढवायला हरकत नाही.

ग्रेट निकोबारचा मोह आवरावा. तिथेही राष्ट्रीय उद्यानं आहेत, आणि १९६९पासून सरकारने वसवलेल्या माजी सैनिकांत मराठी कुटुंबंही होती. पण निकोबारला आपल्यालाही वेगळी परवानगी लागते, आणि निव्वळ फिरायला म्हणून ती सहसा मिळत नाही.

पुण्याहून विमान बहुधा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला बदलावं लागतं. जहाजाला तीनेक दिवस लागतात आणि त्याचं वेळापत्रक आधी फार कळत नाही, तेव्हा सुटी मोजून मिळणाऱ्याने त्या फंदात पडू नये. परतीच्या विमानाच्या आदला दिवस श्री विजयपुरमात मोकळा ठेवा. समुद्र खवळला तर बेटांच्या बोटी रद्द होतात आणि विमान थांबत नाही. सगळं सुरळीत झालं, तर तो दिवस सेल्युलर जेलला देता येतो. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते, त्यामुळे मराठी माणूस तिथे जातोच. निदान घाईत तरी जायला नको.