‘बोललास तर आत!’ खरंच?

तारकर्लीचा किनारा, संध्याकाळची वेळ. कॉलेजचा एक ग्रुप वाळूत बसलाय. एवढ्यात सगळ्यांचे फोन एकदमच वाजतात. ‘नेत्यांवर टीका केली की सात वर्षं तुरुंग! नवा कायदा आला. डिलीट व्हायच्या आत सगळ्यांना पाठवा.’

“खरा काय रे ह्या?” एकीचा प्रश्न.

“खरा असतला. उगाच कोण पाठवतला?”

मग एक जण तो मेसेज आणखी चार ग्रुप्सवर ढकलतो. दुसरी गपचूप सकाळची स्टोरी उडवते. स्टोरीत काय होतं? गावच्या रस्त्यातला खड्डा आणि त्यावर नेत्याला मारलेला एक टोमणा. बस्स!

म्हणजे पोलीस आले नाहीत, नोटीस आली नाही, तरी एक आवाज बंद झालाच. अशा अफवांचं हेच वाईट असतं. आणि असे दहा मेसेज खोटे निघाले, की अकरावी बातमी खरी असली तरी आपण ‘फेक असेल’ म्हणून पुढे सरकतो.

तर हा मेसेज जरा सोलून बघू. ‘सात वर्षं’ हा आकडा हवेतून आलेला नाही. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत मंजूर झालं. त्यात दोन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षा आहेत. पण त्या सरकारने बेकायदा ठरवलेल्या संघटनेचं सदस्यत्व, तिला मदत, तिचं काम यासाठी. ‘नेत्यावर टीका’ असं कलम त्यात नाही. म्हणजे मेसेज खोटा.

मात्र काळजी खोटी नाही. ‘बेकायदा कृत्य’ याची व्याख्या फार सैल आहे, ती उद्या कुणालाही लावता येईल, असा आक्षेप विरोधी पक्षांनी आणि अनेक संघटनांनी घेतला होता. संयुक्त समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना आल्या आणि मसुद्याची भाषाही बदलली गेली. ‘मेसेज खोटा, प्रश्न खरा’ असंही असू शकतं, हे डोक्यात ठेवायला हवं.

कारण आपल्या राज्यात बोलण्यावरून अटक झालेलीच नाही, असंही नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुक पोस्ट लिहिणारी पालघरची एक तरुणी आणि ती लाइक करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. त्या घटनेनंतर श्रेया सिंघल ही तरुणी सुप्रीम कोर्टात गेली आणि मार्च २०१५ मध्ये आयटी कायद्याचं ६६ अ हे कलमच रद्द झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये तर आपल्याच सिंधुदुर्गचे नारायण राणे केंद्रीय मंत्री असताना संगमेश्वरजवळ अटकेत गेले. कारण होतं तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याबद्दलचं वक्तव्य. ही टीका की धमकी, यावर तेव्हा बराच वाद झाला. त्याच रात्री महाडच्या कोर्टाने त्यांना जामीन दिला. मे २०२२ मध्ये शरद पवारांवरच्या पोस्टवरून अभिनेत्री केतकी चितळेला अटक झाली, ती महिनाभराहून जास्त काळ कोठडीत होती. सरकारं वेगवेगळी होती, हेही बघा. त्यामुळे ‘हे फक्त त्यांच्याच पक्षात होतं’ असा फॉरवर्ड आला, तर तोही तपासायचा.

तपासायचं कसं? आधी शब्द पकडा. तक्रार, गुन्हा नोंद, नोटीस, अटक, जामीन, शिक्षा या सगळ्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. फॉरवर्डमध्ये पहिली पायरी थेट शेवटची होऊन बसते. ‘तुरुंगात टाकलं’ असं वाचलं, की विचारा: नेमकी कुठली पायरी?

दुसरा प्रश्न: तक्रार कुणाची? पुष्कळदा ती कार्यकर्त्याने केलेली असते आणि मथळ्यात नाव नेत्याचं येतं. ‘नेत्याने जेलमध्ये टाकायला सांगितलं’ असा दावा असेल, तर पूर्ण भाषण शोधा. बारा सेकंदांच्या क्लिपवर जाऊ नका.

तिसरा: कागद कुठाय? सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणं सोडता एफआयआर साधारण २४ तासांत वेबसाइटवर टाकावा लागतो. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर तो शोधता येतो. अटक केलेल्यांची माहिती पोलीस ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात लावणं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केलंय. कोर्टातली तारीख ई-कोर्ट्सवर दिसते. पण पोर्टलवर काही सापडलं नाही, म्हणजे घडलंच नाही, असं लगेच ठरवू नका. दोन वेगळ्या बातमीदारांनी स्वतंत्रपणे काय लिहिलंय, तेही बघा.

आणि हे सगळं करेपर्यंत? थांबा. लोकांत भीती पसरवणारी खोटी माहिती किंवा अफवा पसरवल्यास भारतीय न्याय संहितेच्या ३५३ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘मी लिहिलं नव्हतं, फक्त पाठवलं’ एवढ्याने सुटका होतेच असं नाही. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या १९ वर्षांच्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थिनीने ‘ऑपरेशन सिंदूर’वरची दुसऱ्याची पोस्ट शेअर केली आणि दोनेक तासांत काढूनही टाकली. तरी कॉलेजने तिला काढलं, पोलिसांनी अटक केली. मुंबई हायकोर्टाने तिची सुटका केली, कॉलेजच्या कारवाईलाही स्थगिती दिली आणि तिला परीक्षेला बसता आलं. ही बातमी कुणी ‘फेक’ म्हणून सोडली असती, तर?

तेव्हा किनाऱ्यावरच्या त्या ग्रुपमध्ये कुणीतरी एवढंच लिहायला हवं: ‘मेसेज खोटा आहे. विधेयक खरं आहे, त्यातली कलमं वाचा. पुढे पाठवू नका.’

आणि हो, खड्ड्याची ती स्टोरी परत टाकायला हरकत नाही. खड्डा अजून तिथेच आहे.